येळवसच्या दिवशीची स्थळपाहणी

१८ नोव्हेंबर

आराखडा आला एकदाचा. राष्ट्रीय शून्य उत्सर्जन ग्राम मोहीम. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हिरवंगार गाव, गावात तळं आणि तळ्यात बदकं. आमच्या लोहारा तालुक्यात बदकं कुणी पाहिलीत? पण ते जाऊ दे. देशातल्या प्रत्येक तालुक्यातलं एक गाव मार्चअखेर शून्यावर आणायचं, म्हणजे गावातून जेवढा धूर वर जाईल तेवढा झाडांनी आणि सौर विजेनं भरून काढायचा. आमच्या तालुक्यातून कोरेवाडी निवडली आहे. माझं गाव! निवड माझी नाही, मी नुसती कंत्राटी तालुका समन्वयक. तरी नाव वाचून ऊर भरून आला, आणि हे लिहायला लाज कसली, ही वही माझ्याशिवाय कोण वाचतंय.

मग आतलं वाचायला घेतलं आणि डोकं सणकलं. गोबरगॅससाठी घरटी चार जनावरं धरली आहेत. अरे, कुठल्या सालची मोजणी ही? गेल्या दुष्काळात निम्म्या दावणी रिकाम्या झाल्या, ज्यांच्याकडे एक शेळी आहे ते स्वतःला भाग्यवान समजतात. सगळ्या घरांना विजेच्या शेगड्या द्यायच्या आहेत, आणि आमच्याकडे वीज नेमकी भाकरी टाकायच्या वेळी जाते. सौर प्रकल्प गावच्या गायरानावर, कारण उपग्रहाच्या फोटोत ते पडीक दिसतंय. फोटोची तारीख बघितली तर मे महिना. मे महिन्यात आख्खा मराठवाडा पडीक दिसतो. आमचे आण्णा, माझे वडील, तेसुद्धा दुपारी ओसरीवर पडीकच दिसतात.

गायरानातली तीन एकर तात्याराव आणि त्यांची बायको बनामावशी कसतात. बहात्तरच्या दुष्काळानंतर तात्यारावांच्या वडिलांनी धोंडे वेचून वेचून ते रान केलं. नावावर कागद नाही, पण गावातल्या कुणालाही विचारा. दुसरी जमीन त्यांच्याकडे टीचभर नाही. आराखड्यात एक ओळ मात्र बरी आहे. जुनी वहिवाट असेल तर ती जमीन वगळायची, आणि जुनी की नवी हे स्थळपाहणीत ठरवायचं. पाहणीला मी असणारच. मी असताना काय होतंय?

२२ नोव्हेंबर

आज धनाजीराव घरी आले होते. धनाजीराव म्हणजे जिल्हा समन्वयक, माझे साहेब. मला वाटलं कामाचं बोलायला आले. पण चहा झाल्यावर आण्णा त्यांना आमचा माळ दाखवायला घेऊन गेले. गायरानाला लागूनच आहे आमचा तो माळ, नुसता मुरूम आणि बोरीची काटेरी झुडपं, आजोबांच्या काळापासून तिथं काही पिकलेलं नाही. दोघं चांगले ऊन उतरेपर्यंत फिरले. आण्णा वीस वर्षांपूर्वी सरपंच होते, कुणी अधिकारी आला की त्यांना अजून स्फुरण चढतं. बोरं पिकलीत म्हणून गेले असतील.

जेवताना आण्णा म्हणाले, "शिवा, तुझी ही मोहीम चांगली हाय. मन लावून कर."

आण्णा माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलले. एरवी "कंत्राटी" हा शब्द ते शिवी दिल्यासारखा उच्चारतात. मी भाकरी एक जास्त खाल्ली.

३ डिसेंबर

दिल्लीची ऑनलाइन बैठक. सव्वा तास पाढे ऐकले. पाच लाख हेक्टर, इतके गिगावॅट, तितके कोटी टन. मी हात वर करून ठेवला होता, शेवटी वेळ मिळाला. म्हटलं, आमच्या उपकेंद्राच्या अभियंत्याला विचारून आले आहे, त्यांची क्षमता भरलेली आहे, नवीन रोहित्राला मंजुरी नाही. कोरेवाडीच्या प्रकल्पाची वीज जाणार कुठं?

पडद्यावरच्या बाई गोड हसल्या. "वो अगले चरण में देखेंगे."

म्हणजे सौर पाट्या आधी लावायच्या आणि तार नंतर बघायची. घर बांधून झाल्यावर दार कुठं ठेवायचं ते बघू म्हणणारा गवंडी आमच्याकडे एक दिवस टिकत नाही. मी परत बोलायला लागले तर माझा आवाज बंद केला. धनाजीरावांचा लगेच फोन, "शिवांजली, सूर जरा खाली ठेवा."

सगळे मला समजतात विरोधक. अरे, विरोधक असते तर ही नोकरी कशाला धरली असती? हवामान बदललंय हे मला दिल्लीनं शिकवायला नको. सप्टेंबरात एका झडीत आमचं काढायला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. काहीतरी मोठं करायला हवं हे मलाच सगळ्यात जास्त वाटतं, म्हणून तर जीव जळतो. मोठं करायचं म्हणून आकडा मोठा लिहायचा, एवढंच यांना येतं.

२३ डिसेंबर

स्थळपाहणीची तारीख आली. ३० डिसेंबर.

तीस तारखेला वेळ अमावस्या! आमची येळवस! त्या दिवशी धाराशिव-लातूरकडे गावात कुत्रं सापडत नाही. घरंदारं बंद, कार्यालयं बंद, कलेक्टर सुट्टी जाहीर करतात. झाडून सगळे रानात. कडब्याची कोप घालायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि येईल त्याला आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खाऊ घालायची. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. अशा दिवशी कसली पाहणी?

दिल्लीला फोन केला. समजावून सांगितलं. पलीकडचा म्हणाला की पाहणी ३१ डिसेंबरच्या आत व्हावी लागते, वर्षअखेर आहे, त्यांच्याकडे देशभरातली गावं आहेत आणि प्रत्येक गावाचा सण बघत बसलो तर झालं. धनाजीरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "येऊ दे की. जेवून जातील."

आदळआपट करून काही उपयोग नव्हता. आईला तेवढं सांगून ठेवलं की येळवसला तीन माणसं जास्तीची धर.

३० डिसेंबर

खरं सांगायचं तर दिवस झकास गेला आणि मीच खोटी ठरले.

तिघं आले. मुख्य साहेब दिल्लीचे, सल्लागार, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी, हातात टॅब. ग्रामपंचायतीला कुलूप, मारुतीच्या पारावर शुकशुकाट. साहेब म्हणाले, "गाव खाली हो गया है क्या? माइग्रेशन?" मी म्हटलं नाही हो, चला दाखवते गाव कुठं आहे ते. आणि गाडी सरळ गायरानाकडे घ्यायला लावली.

आमच्या रानात नेता आलं असतं. आण्णा वाट बघत होते. पण मी मुद्दाम बनामावशीकडे नेलं. एक तर पाहणी त्यांच्याच जमिनीची, आणि दुसरं म्हणजे तिच्यासारखी आंबील पंचक्रोशीत कुणाची होत नाही. बौद्ध घर, त्यामुळे पांडव नाहीत की पूजा नाही. मावशी नेहमी म्हणते, "आमच्यात पूजा न्हाय ताई, पंगत हाय." शाळू कमरेच्या वर गेलेला, हरभरा घाट्यावर, मधोमध कोप. काय देखणी घातली होती! कडब्याची ताटं कशी एकसारखी, वर शेंडे वळवून गाठ मारलेली. मावशीनं त्या तिघांना घोंगडीवर बसवलं आणि वाढत सुटली. टोपीवाले साहेब आंबिलीचा तिसरा तांब्या प्यायले.

मग त्यांनी कोपीचे चारी बाजूंनी फोटो काढले. मला बरं वाटलं, म्हटलं बघा आमच्या माणसांच्या हातातली कला. त्यांनी विचारलं, "ये झोपड़ी कब बनाई?"

तात्याराव छाती काढून म्हणाले, "कालच घातली की सायेब. म्या आन् हिनं दिसभर खपून."

मी शब्दन् शब्द हिंदीत करून सांगितलं. पुढचा प्रश्न, मागच्या साली इथंच होती का?

"छ्या. गेल्या साली तिकडं लिंबाखाली व्हती. औंदा इथं घातली, सावली बघून."

"आणि आता राहणार इथं?"

तात्याराव हसले. "ऱ्हातंय कोण हितं? उद्या मोडायची. कडबा गुरांच्या म्होरं."

हेही सांगितलं. साहेबांनी टॅबवर भराभर लिहिलं. ये लोग बहुत पुराने हैं, असंही मी दोनदा सांगितलं, त्यांनी तोंडात उंडा असताना मान हलवली. जाताना मावशीच्या पाया पडायला वाकले, तशी ती लाजून मागे सरली. पाहणीच्या कागदावर उपस्थित म्हणून माझी सही झाली. पीक डोळ्यांनी बघितलं, माणसं भेटली, अन्न पोटात गेलं. आता कोण म्हणेल ही जमीन पडीक? मावशीला म्हटलं, निर्धास्त राहा.

२ जानेवारी

गायरानाकडून आले. कोप मोडली, तात्यारावांनी सगळा कडबा बांधून गोठ्यापाशी नेऊन टाकला. मी सकाळपासून त्या चार जनावरांच्या हिशेबावर टिपण लिहीत होते. पाठवलं. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे.

१७ जानेवारी

लिहायची इच्छा नाही. लिहिते तरी.

अहवाल आला. गायरानावर एक तात्पुरती झोपडी आढळली. कब्जेदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ती पाहणीच्या आदल्या दिवशी उभारलेली होती. मागील वर्षी त्या जागी काही नव्हतं. जानेवारीच्या उपग्रह फोटोत झोपडी काढून टाकल्याचं दिसतं. मेच्या फोटोत जमीन ओसाड आहे. सबब हे अतिक्रमण नवीन असून भरपाई मिळण्याच्या आशेनं प्रकल्पाची चाहूल लागल्यावर केलेलं आहे. जमीन वगळण्याचं कारण नाही. पाहणीला तालुका समन्वयक उपस्थित होत्या व त्यांनीच दुभाष्याचं काम केलं.

मीच केलं. मीच हिंदीत करून सांगितलं. येळवसची कोप कधी घातली म्हणून विचारल्यावर आमच्याकडचा कुठलाही माणूस दुसरं काय सांगेल? कोप म्हणजे काय हे त्या माणसाला सांगायचं मला सुचलं नाही, कारण कोप म्हणजे काय हे न कळणारा माणूस असतो हेच माझ्या डोक्यात आलं नाही. त्याचं मीठ खाऊन... नाही, त्यानं मावशीचं मीठ खाल्लं आणि तिच्याच पानावर बसून तिला चोर लिहिलं!

धनाजीरावांच्या टेबलावर अहवाल आपटला. त्यांनी तो सरळ करून फाइलला लावला. म्हणाले, तहसीलला सुनावणी होईल, तिथं बोला.

२४ जानेवारी

सुनावणी झाली. सुनावणी कसली, सोंग.

बाहेर झाडाखाली मी तात्यारावांना सांगत होते की कोपीचं विचारलं तर म्हणा जुनीच आहे, कायमची आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, खोटं कशाला बोलू? येळवसची कोप जुनी असती व्हय कुठं?" मी चिडले त्यांच्यावर. जमीन त्यांची जाणार, आणि खरेपणा मलाच शिकवायला लागले! मावशी मधे पडली, "ऱ्हाऊ दे ताई. जे हाय ते सांगू द्या त्यांला."

आत गेल्यावर त्यांनी जे आहे तेच सांगितलं. नायब तहसीलदार औशाकडचे, म्हणजे येळवसच्याच मुलखातले. मला वाटलं आपला माणूस आहे. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, मला सांगता का येळवस? मी स्वतः मेव्हण्याच्या कोपीत आडवा झालो होतो त्या दिवशी."

"मग तसं लिहा!"

"मी कुठं लिहू? अहवाल केंद्राचा. त्यात झोपडी म्हटलंय, म्हणजे झोपडी."

माहीत असून न लिहिणारा माणूस त्या टोपीवाल्यापेक्षा वाईट. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

आणि त्याहून भयंकर म्हणजे फाइलमध्ये गावातल्या कुणाचा तरी जबाब आहे. जुन्या जाणत्या माणसाचा. गायरान कायम पडीक असतं, कुणी कसलेलं आपण पाहिलेलं नाही, असं त्यानं लिहून दिलंय. नाव विचारलं तर म्हणे गोपनीय. गावात असा कोण आहे? पन्नास वर्षं त्या रस्त्यानं ये-जा करून डोळे मिटून चालला का हा? तात्याराव जबाबाचं ऐकून एकदम उठून उभे राहिले. मावशीनं त्यांच्या दंडाला धरलं आणि बाहेर नेलं.

घरी जेवताना मी त्या अज्ञात माणसाला इतक्या शिव्या दिल्या की आईनं कानावर हात ठेवले. आण्णा म्हणाले, "जेव तू आधी. भाकर गार व्हायलीय." आण्णांना माझी काळजी वाटते.

२८ जानेवारी

आराखडा परत पहिल्यापासून वाचला. परिशिष्टात एक कलम सापडलं. ग्रामस्थांनी तेवढीच पर्यायी जमीन स्वेच्छेनं दिल्यास मूळ जागेचा फेरविचार करता येईल.

पर्यायी जमीन! आमचा माळ! नुसता मुरूम, पण पाट्यांना काय माती लागते? लागूनच आहे. आण्णा देणार नाहीत हे ठाऊक आहे. बांध इंचभर सरकला तर तीन वर्षं कोर्टात जाणारा माणूस. पण मी भांडणार. वाटणी मागेन, उपाशी बसेन, काय वाटेल ते करेन.

२९ जानेवारी

आण्णा हो म्हणाले!

मी सगळी तयारी करून गेले होते. आवाज चढवून बोलायला सुरुवात केली, तात्यारावांवर कसा अन्याय झालाय, गावाला कशी लाज वाटली पाहिजे. आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. देऊ की. भाड्यानंच घेणार ना शासन?"

मी बघतच राहिले. "आणि गायरान सोडलं पाहिजे, ही अट."

"तुझं तू बघ ते. संमतीवर सही कुठं करायचीय?"

कागद त्यांच्याकडे आधीच होता. म्हणाले धनाजीरावांनी सहज दिला होता, कधी लागला तर असावा म्हणून. सही करून मोकळे झाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. मी आजवर आण्णांना कंजूष, हेकट, काय काय म्हटलं. माणूस ओळखायला चुकले. बाप आहे माझा शेवटी, माझा राग त्यांच्याकडूनच आलाय, तसं मनही आलं असणार.

तशीच पळत मावशीकडे गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. सांगितलं. वाटलं होतं रडेल, मिठी मारेल.

"आण्णासायबांनी माळ दिला?" ती म्हणाली. "बिगर बोलता?"

"एका शब्दात!"

"व्हय का," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. बिचारीचा कशावर विश्वासच राहिलेला नाही, आणि राहील तरी कसा?

१३ फेब्रुवारी

अभिनंदनाचं पत्र आलं. माझ्या नावावर.

कोरेवाडी ग्रामस्थांनी गायरानाव्यतिरिक्त खाजगी जमीनही स्वेच्छेनं उपलब्ध करून दिल्यानं गावाचं उद्दिष्ट वाढवण्यात येत आहे. दोन्ही जागा मिळून सलग क्षेत्र होत असल्यानं प्रकल्प आता व्यवहार्य ठरतो. तालुका समन्वयकांचा पुढाकार अनुकरणीय आहे.

व्यतिरिक्त. दोन्ही. मी एकाच्या बदल्यात दुसरी दिली, यांनी दोन्ही घेतल्या आणि मला शाबासकी दिली! फोनवर ओरडले. फेरविचाराचं कलम वाचून दाखवलं. पलीकडची बाई म्हणाली, फेरविचार झाला, त्यात गायरान ठेवायचं ठरलं, कारण माळावर जायला रस्ताच नाही. रस्ता काढायचा तर गायरानातूनच. नुसता माळ त्यांच्या काही कामाचा नव्हता.

मी पत्राचे तुकडे केले. धनाजीरावांनी दुसरी प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवली, पुढं दोन फुलांचे गुच्छ.

१७ फेब्रुवारी

आज कुंपणवाले आले. पोलिसांची गाडी, जेसीबी, लोखंडी खांबांचा ट्रक. शाळूची कणसं भरली आहेत, अजून थोडे दिवस उभा राहिला असता तर काढणीला येत होता. ठेकेदाराला म्हटलं, पंधरवडा थांब. तो म्हणाला, मार्चअखेर आहे मॅडम. मी विचारलं, पाट्या बसवल्यावर लाईन कधी जोडणार? "लाईन? ती आमच्याकडं न्हाय. त्येचं टेंडरच निघालेलं न्हाय अजून." म्हणजे वीज जाणारच नाही कुठं. पीक काढून टाकायचं, पाट्या रोवायच्या, फोटो काढायचा आणि उन्हात तापत ठेवायच्या. याला हे लोक हवामान वाचवणं म्हणतात! एक किलो धूर कमी होणार नाही यानं, तीन एकर शाळू तेवढा कमी होईल.

जेसीबीसमोर जाऊन उभी राहिले. ओरडत होते, काय ओरडत होते आठवत नाही. तात्याराव आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमी सरका मॅडम. तुमच्या अंगावर कोन घालतंय गाडी? तुमी सरल्या की आमच्या अंगावर घालतेल."

मला लहानपणापासून ताई म्हणणारा माणूस.

जेसीबीचा ड्रायव्हर गावाकडचाच असावा. त्यानं चावी काढली, खाली उतरला आणि तंबाखू मळत बसला, म्हणाला डिझेल संपलंय. सगळ्यांना दिसत होतं की संपलेलं नाही. पोलीस म्हणाले, बरं, संध्याकाळपर्यंत काढा काय काढायचं ते. मग बनामावशीच्या वस्तीतली सगळी माणसं विळे घेऊन आली आणि अर्धा हिरवा शाळू कापायला लागली. मी पण विळा मागितला. कुणी दिला नाही. मी हातानं उपटत राहिले.

पाणी प्यायला बसल्यावर मावशीला म्हटलं, मी धाराशिवला वकील बघितलाय. आपण कोर्टात जाऊ. मी साक्ष देते. नोकरी गेली खड्ड्यात. सांगते की कोप म्हणजे काय असतं, ती दरवर्षी कशी घालतात, अहवाल कसा चुकीचा आहे.

मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कोपीचं सगळ्यांला ठावं हाय. त्या तहसीलवाल्याला बी ठावं व्हतं. त्येनं काय झालं?" मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "त्यो जबाब कुनाचा, ते सांगचाल का तुमी कोर्टात?"

"नाव कळू दे, भर कोर्टात सांगते. कुणाचा?"

ती कापलेल्या ताटांची पेंढी बांधत राहिली. तात्याराव तिकडं तोंड करून म्हणाले, "दिवाळीच्या पाठी माळाची मोजनी झाली, तवा खुटं म्याच रोवलं, मजुरीनं. आण्णासायेब म्हनलं, तात्या, हितवर रस्ता आणायचाय. कुठनं ते म्या इचारलं न्हाय. मॅडम, नाव तुमच्या घरात इचारा."

मी तिथंच बसून राहिले. माळावर धनाजीराव बोरं खायला गेले नव्हते. आधीच आणून ठेवलेला तो संमतीचा कागद, ती लगेचची सही, ते "भाड्यानंच घेणार ना". आणि मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय, माणूस ओळखायला चुकले म्हणून! चुकलेच होते.

१८ फेब्रुवारी

आण्णा सकाळी ओसरीवर नाश्ता करत होते. समोर उभी राहून विचारलं. आण्णा, गायरान पडीक होतं असं तुम्ही लिहून दिलंत?

त्यांनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, निदान शरम आहे असं वाटलं असतं.

"जमीन शासनाची," आण्णा म्हणाले. "शासनानं मागितली. तात्याच्या बापाला कुनी सांगितलं व्हतं धोंडे उचलायला? सातबाऱ्यावर हाय का नाव त्येंचं? आपल्या माळात आजवर पिकलं काय? तुझ्या आजोबानं डोकं आपटून घेतलं त्या मुरमावर. आता घरात काय येईल तर तुला का टोचायलंय? कुनासाठी करायलोय मी?"

"पन्नास वर्षं तुम्ही त्यांच्या कोपीत जेवलात, आण्णा."

"जेवलो की. म्होरल्या साली बी जेवीन." आणि मग ते म्हणाले, अगदी शांतपणे, माझ्याच ओळी माझ्यासमोर ठेवत, "तूच म्हनायलीस ना, हवा बिघडलीय, काहीतरी मोठं कराय पायजे? मग तुझ्याच मोहिमेला दिली की जमीन. आता रडायलीस कशापायी?"

मी थाळी लाथेनं उडवली. पोहे अंगणभर झाले. आई धावत आली, तिनं माझ्याकडे बघितलं, आण्णांकडे बघितलं, आणि खाली बसून पोहे वेचायला लागली. तिलाही माहीत होतं. मी विचारलं नाही, तिच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळलं.

दुपारी धनाजीरावांना राजीनामा पाठवला. मग धाराशिवच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, तुमची साक्ष झाली तर केस उभी राहू शकेल, पण नीट विचार करा, यात घरचं कुणी अडकत असेल तर जबाब खोटा दिल्याचा गुन्हा त्यांच्यावर येईल, ती व्यक्ती वयस्कर असली तरी. मी म्हटलं, वय सत्तर आहे. ते म्हणाले, नात्यानं कोण?

मी सांगितलं.

ते म्हणाले, एकदा घरी बोलून घ्या.

घरी बोलून झालंय. गायरानात खांब रोवल्याचा आवाज इथं माझ्या खोलीपर्यंत येतोय, आण्णा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरतायत. मी पिशवी भरली आहे. उद्या सकाळी धाराशिवच्या एसटीसाठी मावशी आणि तात्याराव लोहाऱ्याच्या फाट्यावर भेटणार आहेत, मी येईन यावर त्यांचा विश्वास असो नसो. वकिलानं वकीलपत्र पुढं केलं की त्यावर तात्याराव सही करतील. आणि मी माझ्या साक्षीत पहिलं नाव आण्णांचं सांगणार आहे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.